शाळेला कुलूप लावले, साथ थांबली का?

गावात साथ आली की पहिले कुलूप शाळेला लागते. 2009 च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी घेतला तो पुण्यात, एका शाळकरी मुलीचा, आणि शहरातल्या शाळा बंद झाल्या. 2020 च्या मार्चमध्ये कोरोना आला तेव्हा तर साऱ्या राज्यातल्या शाळा बंद झाल्या. पहिली ते चौथीचे वर्ग सर्रास भरू लागले ते 2021 च्या डिसेंबरात. एवढ्याने साथ किती अडली, हे शेतीखात्यातल्या माणसाने कशाला विचारावे, असे कोणी म्हणेल. पण रोग कसा पसरतो हा आमचाही रोजचाच विषय.

2022 मध्ये लंपी आला तेव्हा गुरांचे बाजार बंद केले. ते योग्यच झाले, कारण बाजारात दहा गावची गुरे एकत्र येतात. पण बाजार बंद झाला म्हणून गोठ्यातली माशी आणि गोचीड थोडीच बंद होते? शाळेचेही तसेच आहे. रोग कोणत्या वाटेने चालतो ते आधी पाहावे लागते.

फ्लूची वाट मुलांमधून जाते. मुलांच्या अंगात त्याची प्रतिकारशक्ती कमी असते आणि वर्गात ती मांडीला मांडी लावून बसतात. 1918 च्या मोठ्या साथीत अमेरिकेतल्या सेंट लुईस शहराने रुग्ण दिसू लागताच शाळा, नाटकगृहे, प्रार्थनामंदिरे बंद केली. फिलाडेल्फियाने मात्र सप्टेंबरअखेर भली मोठी मिरवणूक होऊ दिली आणि बंदी नंतर आणली. लोकसंख्येच्या मानाने फिलाडेल्फियात माणसे कितीतरी जास्त गेली. मात्र सेंट लुईसने नोव्हेंबरात बंधने सैल करताच तेथेही रुग्ण पुन्हा वाढले. उलट न्यूयॉर्कने शाळा चालूच ठेवल्या आणि शाळेत मुलांची तपासणी केली. दाटीवाटीच्या कोंदट खोल्यांपेक्षा मूल शाळेत बरे, असा त्यांचा हिशेब होता. तो अगदीच चुकला असे म्हणता येत नाही. न्यूयॉर्कचा मृत्युदर फिलाडेल्फियापेक्षा कमीच राहिला.

कोरोनाचे गणित निराळे. मुलांना तो होई, पण बहुधा सौम्य. घरात आणीत ती मोठी माणसे. जून-जुलै 2021 मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने देशातल्या 70 जिल्ह्यांत, त्यात आपले बीड, परभणी, सांगलीही होते, लोकांचे रक्त तपासले. 6 ते 9 वर्षांच्या मुलांपैकी 57 टक्क्यांच्या रक्तात प्रतिद्रव्ये सापडली. मुलांना लस तेव्हा मिळतच नव्हती. म्हणजे शाळेला कुलूप असताना निम्म्याहून अधिक मुलांना संसर्ग होऊन गेला होता. शाळा बंद ठेवल्याने काहीच उपयोग झाला नाही, असा याचा अर्थ नव्हे. सगळेच एकदम बंद होते, त्यात शाळेचा वाटा वेगळा काढणे कठीण आहे. पण शाळा बंद म्हणजे मूल सुरक्षित, हा समज खरा नव्हता.

माझ्याच घरचे सांगतो. शाळा बंद म्हणून बहिणीची दोन्ही मुले मीच पुण्याहून गावी आईजवळ आणवली. वाड्यात नातवंडे जमली, आईला केवढा आनंद! एप्रिल 2021 मध्ये मुलांना साधी सर्दी झाली. चार दिवसांनी आईला ताप आला आणि ती गेली. रोग मुलांकडून आला की माझ्याकडून, कळले नाही. मीही रोज गावोगाव फिरतच होतो.

नुकसान दुसरीकडेही झाले. दुसरीचे पुस्तक वाचता येणारी तिसरीची मुले देशात 2018 मध्ये 27 टक्के होती, ती 2022 मध्ये 20 टक्क्यांवर आली. घरात एकच मोबाईल आणि तोही बापाच्या खिशात, मग पोराने शिकावे कसे? शाळेतल्या जेवणाच्या जागी शिधा मिळाला, पण ताटात वाढलेली खिचडी ती वेगळीच.

पुन्हा साथ आली तर शाळा व्यवस्थापन समितीने आधी विचारावे: हा आजार मुलांना किती धरतो? मुलांमधून पसरणारा असेल तर शाळा लवकर आणि थोड्याच दिवसांसाठी बंद करावी. साथ भरात आल्यावर लावलेले कुलूप फारसे कामाचे नाही. त्या दिवसांत मुलांना म्हाताऱ्या माणसांच्या अंथरुणापाशी गोळा करू नये. शाळा चालू असेल तर वर्ग झाडाखाली घ्यावेत, नाहीतर खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

आमच्या गावच्या शाळेच्या मागच्या दोन खिडक्या माकडे येतात म्हणून खिळे मारून बंद केल्या आहेत. त्या उघडून जाळी बसवण्याचा विषय येत्या ग्रामसभेसाठी मी सरपंचांकडे दिला आहे.