कारखान्यातील पंखा आणि त्याची मोटार

ओखला, मायापुरी, वजीरपूर, फरिदाबाद, नॉयडा — दिल्लीच्या परिसरातील कोणत्याही उद्योगवस्तीत गेले, तरी कारखान्याच्या भिंतीत वर, छपराच्या लगत बसविलेला एक मोठा पंखा दृष्टीस पडतो. त्याच्याकडे मान वर करून पाहण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. कामगाराचे लक्ष यंत्राकडे असते, मालकाचे मालाकडे. परंतु वजीरपूरला पोलादाचे पत्रे जेथे आम्लात धुतले जातात, तेथे हा पंखा घटकाभर बंद पडला, तर त्याची योग्यता कोणास निराळी समजावून सांगावी लागत नाही. १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या तेराव्या कलमाने पुरेशा वायुवीजनाची, आणि चौदाव्या कलमाने अपायकारक धूळ व धूर जेथे उत्पन्न होतात तेथेच ते शोषून घेण्याची जबाबदारी कारखानदारावर टाकली होती. ही जबाबदारी प्रत्यक्षात पार पाडते ती पंख्यास फिरविणारी मोटार; आणि मोटारीचे आयुष्य बव्हंशी तारा जोडणाऱ्याच्या हाती असते.

कारखान्यात बहुधा थ्री-फेज प्रवाहावर, ४१५ व्होल्ट दाबाने चालणारी मोटार वापरतात. साडेसात अश्वशक्तीची अशी मोटार पूर्ण भारावर सुमारे ११ अँपिअर प्रवाह घेते. पण स्थिर अवस्थेतून सरळ चालू केली, की आरंभी सहा-सात पट प्रवाह ओढते. पाण्याचा पंप क्षणार्धात वेग घेतो. मोठ्या पंख्याचे तसे नाही. त्याचे चाक जड आणि रुंद, त्यामुळे पूर्ण वेग येण्यास त्यास बराच अवधी लागतो. तेवढ्यात स्टार्टरमधील ओव्हरलोड रिले तापतो आणि मोटार बंद होते. अशा वेळी वायरमन काय करतो? रिलेची चकती थोडी पुढे सरकवितो. मोटार चालू होते, मालक खूश होतो, आणि त्या क्षणापासून मोटारीला राखणदार उरत नाही.

रिले मोटारीच्या पाटीवर लिहिलेल्या प्रवाहाइतकाच ठेवावयाचा, हा नियम आहे. पंखा वेग घेण्यास वेळ लावीत असेल, तर सावकाश कार्य करणाऱ्या जातीचा रिले बसवावा. स्टार-डेल्टा स्टार्टरच्या बाबतीत एक बारकावा आहे आणि तो जाणणारे थोडेच भेटतात. अशा स्टार्टरमध्ये रिले पुष्कळदा मोटारीच्या वेटोळ्यांच्या मार्गात असतो. तेथून बाहेरच्या तारेतील प्रवाहाच्या ५८ टक्केच प्रवाह जातो. म्हणजे ११ अँपिअरच्या मोटारीस रिले सुमारे ६.४ वर हवा. पाटी वाचून तो ११ वर ठेवणारा मनुष्य वरकरणी नियम पाळीत असतो. पण मोटार पावणेदोन पट भार ओढीत राहिली, तरी त्याचा रिले स्वस्थ बसून राहील.

तीनपैकी एक फ्यूज जळाला, तर चालती मोटार थांबत नाही, ही थ्री-फेज मोटारीची मोठी फसवी खोड आहे. उरलेल्या दोन तारांतून ती तितकेच काम करू पाहते, त्यांतील प्रवाह जवळजवळ पावणेदोन पट होतो, आणि वेटोळी करपतात. पंखा उंचावर असल्याने त्याचा बदललेला घरघराट यंत्रांच्या आवाजात ऐकू येत नाही. म्हणून एक फेज गेल्यास प्रवाह तोडणारे साधन येथे चैनीची वस्तू समजू नये.

आता जोडांविषयी. १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या ग्रीन पार्क भागातील उपहार चित्रपटगृहात आग लागून ५९ माणसे मरण पावली. त्या इमारतीतील ट्रान्सफॉर्मरला सकाळी लहानशी आग लागली होती व त्याच्या केबलच्या टोकांचे सॉकेट बदलण्यात आले होते. ते दाबयंत्राने न दाबता हातोडीने ठोकून बसविले होते, असे पुढे चौकशीत निष्पन्न झाले. सायंकाळी सैल जोड तापला, केबल सुटून ट्रान्सफॉर्मरला लागली, तेल बाहेर येऊन पेटले. जिन्यावाटे वर चढलेल्या धुराने बाल्कनीतील प्रेक्षक गुदमरले. ॲल्युमिनियमच्या तारेवर ऑक्साइडचा पातळ थर धरतो आणि दाबाखाली ती धातू हळूहळू पसरते. जोड आपोआप ढिला होत जातो. पंख्याच्या मोटारीस तर अखंड कंप असतो. तेव्हा योग्य मापाचा लग, योग्य दाबयंत्र, स्प्रिंग-वॉशर आणि महिन्या-दोन महिन्यांनी, प्रवाह तोडून, केलेली घट्टपणाची तपासणी यांस पर्याय नाही. ८ डिसेंबर २०१९ रोजी दिल्लीच्या अनाज मंडीत लहान कारखान्यांच्या इमारतीस आग लागली; तीत ४३ कामगार गेले, तेही बहुतेक ज्वाळांनी नव्हे, गुदमरून.

मोटारीच्या धातूच्या कवचास दोन स्वतंत्र तारांनी भूसंपर्क द्यावा, असे १९५६ च्या भारतीय वीज नियमांत होते आणि आजच्या नियमांतही आहे. एक तुटली तर दुसरी राहावी, हा हेतू उघड आहे. पंख्याची लोखंडी चौकट भिंतीत घट्ट बसली आहे म्हणून भूसंपर्क झालाच, हा समज घातक होय. कोरड्या विटा वीज वाहून नेत नाहीत.

दिल्लीचा उन्हाळा हा स्वतंत्र विषय आहे. मोटारीची पाटी सामान्यतः ४० अंश सेल्सिअस हवा गृहीत धरते. मे-जूनमध्ये तेथे बाहेरच पारा ४५ च्या घरात जातो. मग पत्र्याच्या छपराखाली, भट्टीच्या वर, काय होत असेल याची कल्पना करावी. निरोधन दहा अंशांनी अधिक तापत राहिले, तर त्याचे आयुष्य अजमासे निम्मे होते. म्हणून येथे मोटार एक पायरी मोठी घ्यावी, आणि पट्ट्यावर चालणाऱ्या पंख्याची पुली बदलून “थोडी हवा वाढविण्याचा” मोह टाळावा. वेग दहा टक्के वाढविला, तर लागणारी शक्ती दहा नव्हे, तेहेतीस टक्क्यांनी वाढते. रंग फवारण्याच्या खोलीत तर साधी मोटार हवेच्या मार्गात मुळीच ठेवू नये. तेथे ज्वालारोधक जातीचीच हवी.

पंख्याजवळ, तो जेथून दिसतो अशा जागी, कुलूप लागणारा स्विच असावा. वीज गेली म्हणून पंखा थांबला आणि कोणी शिडी लावून पाती पुसू लागला, तर वीज परत येताच पंखा आपण होऊन फिरता कामा नये; पुन्हा बटण दाबल्याशिवाय चालू न होणारा स्टार्टर त्यासाठीच असतो. वाऱ्यानेही पाती फिरतात, तेव्हा ती बांधूनच हात लावावा.

शेवटी दिशेची चाचणी. भिंतीतला सरळ पात्यांचा पंखा उलटा फिरला, तर हवा उलट दिशेने येते व चूक लगेच कळते. परंतु गोगलगाईच्या शंखासारख्या कवचातला पंखा उलटा फिरला, तरी हवा त्याच नळातून, फक्त पुष्कळ कमी, येत राहते. हात धरून ती ओळखता येत नाही. कवचावरील बाणाशी चाकाची दिशा ताडून पाहावी. उलटी असल्यास कोणत्याही दोन तारांची अदलाबदल पुरते. स्टार-डेल्टा असेल, तर ती स्टार्टरकडे येणाऱ्या तीन तारांत करावी. मोटारीकडे जाणाऱ्या सहा तारांना हात लावू नये.