शून्याचा हिशेब

८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे नाशिकमध्ये औरंगाबाद रस्त्यावरच्या मिरची चौकात, यवतमाळहून मुंबईला निघालेली खासगी स्लीपर बस अवजड वाहनावर आदळून पेटली. बारा जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर काही दिवसांतच चौकाला अडचण करणारी अतिक्रमणे हटली. जे काम बारा मृत्यूंनंतर लगेच होऊ शकते, ते आधी का होत नाही?

याचे एक उत्तर आपल्या व्याख्येत आहे. राष्ट्रीय महामार्गाच्या सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, अथवा दहा माणसे मेली, तर तो पट्टा ‘ब्लॅक स्पॉट’ ठरतो. म्हणजे रस्त्याचा दोष कागदावर यायचा असेल, तर त्याचा पुरावा आधी माणसांनी देहाने द्यायचा.

हा क्रम उलटा करणारा विचार स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये धोरण म्हणून स्वीकारला. ‘व्हिजन झिरो’ हे त्याचे नाव. माणूस चुकणारच, हे त्यात गृहीत आहे. मात्र चुकीची शिक्षा मृत्यू असू नये, अशी रचना करणे ही रस्ता बांधणाऱ्याची जबाबदारी मानली आहे. सातपूर-अंबडच्या कामगाराला हे समजावून सांगावे लागणार नाही. पॉवर प्रेसवर ‘हात सांभाळा’ अशी पाटी लावून भागत नाही. दोन्ही हात दोन बटणांवर असल्याशिवाय प्रेस खाली येणारच नाही, अशी सोय करावी लागते. कारखान्यात आपण जे मान्य केले, ते रस्त्यावर अजून केलेले नाही. तिथे अजूनही ‘अति घाई संकटात नेई’ या पाटीवरच भिस्त आहे.

महाराष्ट्रात या विचाराचा मोठा प्रयोग मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर झाला. सेव्हलाइफ फाउंडेशन आणि रस्ते विकास महामंडळ यांनी २०१६ पासून तिथे प्रत्येक अपघाताचा माग काढला. कठडा नसलेले खांब, भिंती आणि कडेला उभी वाहने पुन्हा पुन्हा जीव घेत होती. त्यावर कठडे, खुणा आणि देखरेख असे साधेच उपाय झाले. २०१६ मध्ये तिथे १५१ मृत्यू झाले होते. २०१९ मध्ये, म्हणजे टाळेबंदीच्याही आधी, ते ९२ वर आले.

पण द्रुतगती मार्गावर पादचारी नसतात आणि दुचाकीही नसते. शहरात हेच दोघे सर्वाधिक उघडे असतात. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतले सुमारे ४४ टक्के दुचाकीवर होते, तर जवळपास २० टक्के पायी चालणारे. त्यांच्याभोवती कठडा घालता येत नाही, म्हणून त्यांच्यासाठी पहिला उपाय वेग हाच. मोटारीचा वेग ताशी ५० वरून ६५ किलोमीटरवर गेला, तर धडकेत पादचारी मरण्याचा धोका साडेचार पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हेलसिंकी शहराने निम्म्याहून अधिक रस्त्यांवर ताशी ३० ची मर्यादा आणली. जुलै २०२५ पर्यंतच्या बारा महिन्यांत तिथे रस्त्यावर एकही मृत्यू झाला नाही.

नाशिकनेही प्रयत्न केले. १५ ऑगस्ट २०२१ पासून पोलिसांनी ‘हेल्मेट नाही, तर पेट्रोल नाही’ ही मोहीम राबवली. पंपापुरते हेल्मेट उसने मागणारेही निघाले, तरी मोहीम चुकीची नव्हती. हेल्मेट डोके वाचवते. मात्र त्याने धडक टळत नाही. गंगापूर रस्ता रुंद झाला तेव्हा कडेची जुनी झाडे वाहनांच्या वाटेत आली. मग ‘झाड की माणूस’ असा वाद रंगला. वाहनांचा वेग कमी केला, तर दोघेही वाचू शकतात, हा तिसरा पर्याय त्या वादात मागेच राहिला.

कायदा या बाबतीत आपल्या पुढे आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेले कलम १९८-अ रस्त्याचा आराखडा, बांधकाम आणि देखभाल करणाऱ्यांनाही जबाबदार धरते. सुरक्षा मानके न पाळल्याने कुणी मेले किंवा अपंग झाले, तर त्यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम किरकोळ आहे, पण तत्त्व मोठे आहे. दोष केवळ चालकाचा नसतो, हे संसदेने मान्य केले आहे.

२०२७ च्या सिंहस्थासाठी नाशिकचे रस्ते पुन्हा रुंद होत आहेत. भाविक परत जातील, रस्ते मात्र आपल्याला उरतील. रुंद आणि मोकळ्या रस्त्यावर वेग आपोआप वाढतो. म्हणून प्रत्येक नव्या रस्त्याच्या नकाशावर आताच तीन गोष्टी विचारायला हव्यात: इथे वाहनाचा वेग किती राहील? म्हातारे माणूस इथे रस्ता कुठे ओलांडेल? आणि कुणी चुकलाच, तर त्याला वाचवणारे काय आहे? हे प्रश्न डांबर पडण्याआधी विचारले, तर उत्तरासाठी पुढच्या दहा मृत्यूंची वाट पाहावी लागणार नाही.