मोरीतली बादली आणि रांगते मूल

आमच्या चाळीत पहाटे साडेपाचला नळ येतो. तासाभरात पिंप, बादल्या, कळश्या, टोप, हाताला लागेल ते भरून ठेवायचे आणि मग कामावर पळायचे. दोन वर्षांपूर्वी अशाच एका सकाळी शेजारच्या वहिनी भाकऱ्या थापत होत्या. चौदा महिन्यांचे मूल भिंत धरत मोरीकडे गेले. मोरीत अर्धी भरलेली बादली होती. ना रडणे, ना आवाज. मोठी बहीण तोंड धुवायला गेली, तिला बादलीबाहेर नुसते पाय दिसले. तिने ओढून काढले म्हणून बाळ वाचले. त्या दिवशी माझा लेटमार्क लागला, पण डोक्यातून ते पाय काही जाईनात.

बुडणारा माणूस ओरडतो, हात हलवतो, हे सिनेमातले. लहान मूल गुपचूप बुडते. त्याचे डोके अंगाच्या मानाने जड असते. वाकले की तोल जातो आणि स्वतःला पुन्हा वर ढकलण्याइतके बळ हातांत नसते. वीतभर पाणीसुद्धा पुरते.

आकडेमोड हा माझा रोजचा धंदा, म्हणून आकडे पाहिले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२१ या एका वर्षात जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मेली. त्यांतली जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालची मुले. शंभरातले ९२ मृत्यू गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतले. म्हणजे हे आपल्यासारख्यांच्याच घरातले मरण आहे.

अमेरिकेत सहा महिन्यांच्या बाळाला पाण्यात उलटून पाठीवर तरंगायला शिकवणारे वर्ग आहेत. पाहणाऱ्याला चमत्कार वाटतो. पण तिथल्याच बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे म्हणणे असे, की एक वर्षाच्या आतल्या बाळाला शिकवल्याने बुडणे टळते याला पुरावा नाही. वर्षानंतर शिकवल्याचा फायदा होऊ शकतो, पण शिकलेले मूलही बुडू शकते. म्हणून माता-भगिनींनो, लहानग्याचे पहिले शिक्षण आपणच घ्यायचे आहे. पिंपाला झाकण, मोरीला फळी, वापरून झालेली बादली पालथी.

बांगलादेशातल्या खेड्यांनी याहून पुढचे पाऊल टाकले आहे. आई कामात असते ती वेळ, सकाळी नऊ ते दुपारी एक. त्या वेळी एक ते पाच वर्षांची मुले गावातल्याच एका बाईच्या घरी सांभाळायची, त्याला तिथे ‘आंचल’ म्हणतात. चार वर्षांच्या पुढच्या मुलांना गावच्या तळ्यात बांबूचा मचाण बांधून पोहणे शिकवतात. पंचवीस मीटर पोहणे, तीस सेकंद तरंगणे आणि काठावरून दुसऱ्याला वाचवणे एवढे आले की मूल पास. शर्यती जिंकायला नव्हे, जिवंत राहायला एवढे पोहणे आले पाहिजे. आपल्या विहारात नऊ ते एक अशी बालवाडी महिला मंडळाला चालवता येणार नाही काय?

आपल्याकडे खेड्यातली पोरे पाठीला सुका भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकत. पण कोणाची पोरे? ज्या विहिरीवर आपल्या आईआजीला घागर बुडवू दिली नाही, त्या विहिरीत आपल्या बापाला कोण उतरू देणार होते? २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले तेव्हा तो हक्क मागितला गेला. पोहण्याचा हिशेब मात्र अनेक घरांत आजही बाकी आहे.

शिकवायचे कसे? आधी काठ धरून तोंडाने पाण्यात बुडबुडे काढणे. मग उताणे तरंगणे. छातीत हवा भरली, कान पाण्यात गेले आणि पोट वर आले की अंग आपोआप हलके होते. मान उचलली की पाय खाली जातात. त्यानंतर पाण्यात पडल्यावर वळून काठ पकडणे. मोठे माणूस सतत हाताच्या अंतरावर हवे, गप्पा मारत काठावर नव्हे. आणि दुसरा बुडत असेल तर उडी मारायची नाही. झाकण लावलेला रिकामा कॅन, साडी, काठी, जे मिळेल ते त्याच्याकडे टाकायचे.

मुलाला बाहेर काढल्यावर पाय धरून उलटे टांगणे, गरगर फिरवणे, पोट दाबणे हे प्रकार आजही चालतात. त्यात मोलाची मिनिटे जातात. श्वास नसेल तर लगेच तोंडाने श्वास द्यावा आणि छाती दाबावी, दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. हे एखाद्या डॉक्टरांकडून वस्तीत एकदा करून बघितलेच पाहिजे. वाचून हात बसत नाही.

गेल्या मे महिन्यात वस्तीतली अकरा मुले आम्ही महापालिकेच्या तरण तलावावर नेली. त्यांत चार मुली होत्या, त्यांच्या कपड्यांवरून दोन घरांत वाद झाला, तो आयांनीच मिटवला. मला स्वतःला पोहता येत नव्हते. सात वर्षांच्या मुलींच्या रांगेत मीही उभा राहिलो. तरंगणे जमले आहे. पंचवीस मीटर अजून बाकी आहेत.