गेममधली माणसं एकमेकांच्या आरपार का जातात?

ज्यांच्याकडे ऑडिओ अडकत अडकत चालतो त्यांच्यासाठी हा भाग लिहून टाकतोय. मुद्दे तेच आहेत, फक्त माझं मध्येमध्ये खोकणं काढून टाकलंय.

प्रश्न जामसरहून आलाय. एका ऐकणाऱ्याने विचारलं, "दादा, गेममध्ये मी भिंतीला धडकतो, झाडाला धडकतो, मग समोरच्या माणसाच्या आरपार कसा जातो? बनवणारे आळशी आहेत का?"

आळशी नाहीत. पण प्रश्न भारी आहे, कारण शेकडो जण एकाच वेळी लढतात त्या गेममध्ये हा निर्णय फार आधी घ्यावा लागतो आणि अख्ख्या लढाईचं रूप त्यावर ठरतं.

आधी भिंतीचं बघू. भिंत हलत नाही. ती कुठे आहे हे गेम डाउनलोड केला तेव्हाच तुमच्या फोनमध्ये आलंय. तुम्ही धावत गेलात की फोन स्वतःच ठरवतो, थांब. कुणाला विचारायची गरज नाही. माणसाचं तसं नाही. त्याला दुसराच कुणीतरी, दुसऱ्या गावातून, दुसऱ्या फोनवरून हलवतोय. त्याची बातमी आधी सर्व्हरला जाते आणि मग तुमच्याकडे येते. म्हणजे स्क्रीनवर दिसणारा प्रत्येक दुसरा खेळाडू थोडा शिळा असतो.

किती शिळा? ढोबळ धरा, त्याच्या पिंगचा अर्धा भाग अधिक तुमच्या पिंगचा अर्धा. दोघांचाही पिंग २०० मिलिसेकंद असेल तर तुम्हाला तो २०० मिलिसेकंद जुना दिसतो. गेममधलं पात्र सेकंदाला ६ मीटर धावतंय असं समजा. तेवढ्या वेळात ते १ मीटर २० सेंटिमीटर पुढे गेलेलं असतं. माणसाची रुंदी साधारण अर्धा मीटर. म्हणजे जिथे तुम्हाला माणूस दिसतोय तिथे तो नाहीच, आणि जिथे मोकळी जागा दिसतेय तिथे तो उभा आहे. पिंग ३० असेल तर हीच चूक १८ सेंटिमीटरची होते, ती खपून जाते.

आता यात धडक चालू करा. तुमचं स्वतःचं पात्र फोन लगेच हलवतो, सर्व्हरच्या उत्तराची वाट बघत नाही, नाहीतर प्रत्येक पाऊल चिखलातून टाकल्यासारखं वाटेल. तुम्ही मोकळ्या जागेत पाऊल टाकलं. सर्व्हर म्हणतो, तिथे आधीच कुणीतरी आहे, मागे जा. तुम्ही रबर ताणून सोडल्यासारखे मागे फेकले जाता. समोरच्याच्या फोनवरही तेच होतं. दोघंही खरं बोलतायत आणि दोघांचंही चुकतंय.

या भांडणात सर्व्हर कुणाची बाजू घेतो? साध्या पद्धतीत ज्याचा निरोप आधी पोचला त्याची. मला हे खटकतं. जव्हार ते मुंबई दीडशेच्या आसपास किलोमीटर. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे हे अंतर एक मिलिसेकंदही खात नाही. वेळ जातो तो फोन ते टॉवर, टॉवरवरची गर्दी आणि टॉवरच्या मागची लाइन यांत. म्हणजे पुण्यातल्या वायफायवरचा पोरगा आणि जामसरच्या टेकाडावर रेंज शोधून बसलेली पोरगी एकाच दारात शिरले तर दार बहुतेक वेळा त्याचंच. तिचा नेम चांगला असून उपयोग नाही. धडक नसेल तर निदान चालण्यात तरी दोघं सारखे राहतात.

दुसरी अडचण मोजणीची. १०० जण असतील तर कोण कुणाला धडकतंय हे बघायला ४,९५० जोड्या तपासाव्या लागतात. १,००० जण झाले की ४,९९,५००. माणसं दहापट, काम शंभरपट. आणि सर्व्हर हे सेकंदाला ३० वेळा करत असेल तर प्रत्येक फेरीला ३३ मिलिसेकंदच मिळतात.

यावर जुना उपाय आहे. मोखाड्याच्या बोहाड्याला गर्दीत तुम्ही कसे चालता? आख्ख्या जत्रेतल्या माणसांवर लक्ष ठेवत नाही, फक्त बाजूच्या चार-पाच जणांवर. सर्व्हरही मैदानाचे चौकोन पाडतो आणि आपला चौकोन व शेजारचे आठ, एवढेच तपासतो. एरंगेलचा नकाशा ८ किलोमीटर बाय ८ आणि खेळाडू १००, तिथे हे मजेत चालतं. पण किल्ल्याच्या दरवाज्यावर पाचशे जण चालून आले तर सगळेच शेजारी! वर धडकेची साखळी लागते. मी तुला ढकललं, तू त्याला, तो भिंतीला टेकला, मग सगळे उलटे सरकले. विरार लोकलच्या दारातली अवस्था. ही गर्दी स्थिर होईपर्यंत तोच हिशोब पुन्हा पुन्हा करावा लागतो.

आणखी एक गोष्ट, जी फार कमी लोक सांगतात. गर्दी वाढली की बरेच गेम तुम्हाला सगळे खेळाडू दाखवतच नाहीत. काही लपवतात, काहींची बातमी कमी वेळा पाठवतात. धडक नसेल तर हे खपतं. धडक असेल तर लपवलेला माणूस म्हणजे न दिसणारी भिंत.

मग धडक काढूनच टाकू? काढली की काय जातं तेही बघा. १६६० च्या जुलैमध्ये घोडखिंडीत, म्हणजे आजच्या पावनखिंडीत, बाजीप्रभू आणि बांदलांच्या मावळ्यांनी वाट अडवली. संख्या कमी, पण खिंड अरुंद. समोरच्याला पुढे जायचं तर माणूस पाडूनच जावं लागत होतं. हीच लढाई बिनधडकेच्या गेममध्ये खेळा. सिद्दीची फौज मावळ्यांच्या अंगातून चालत निघून जाईल आणि मागे काही दोन-चार वार होतील तेवढेच. खिंडीला अर्थच उरत नाही.

२००४ च्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये खेळाडू एकमेकांच्या आरपार जातात. तिथे ढालवाला राक्षसाला अंगाने अडवत नाही, त्याचा राग स्वतःवर ओढून घेतो. संगणकाच्या राक्षसावर ही युक्ती चालते, समोर माणूस खेळत असेल तर तो ढालवाल्याकडे ढुंकूनही बघत नाही. 'गिल्ड वॉर्स २'मध्ये तर आणखी मजा. पूर्ण टोळी एकाच बिंदूवर एकमेकांच्या अंगात उभी राहते, कारण बहुतेक हल्ल्यांचा मार एका वेळी ५ जणांपुरताच. पन्नास जण एका ठिपक्यात उभे राहिले तर तो मार वाटला जातो. दिसायला विनोदी, पण डावपेच म्हणून एकदम पक्का.

उलट २००८ च्या 'वॉरहॅमर ऑनलाइन'ने शत्रूंमध्ये धडक ठेवली. ढालवाले खरोखर जिना अडवायचे. तो गेम २०१३ मध्ये बंद झाला, पण दरवाजा धरून ठेवण्याची आठवण काढणारे अजून भेटतात.

फक्त शत्रूच का? कारण सगळ्यांना धडक दिली तर चार टवाळ पोरं दारात उभी राहून गावाचा रस्ता बंद करतात. १९९७ च्या 'अल्टिमा ऑनलाइन'मध्ये याला छान तोड होती. तुमचा दम पूर्ण भरलेला असेल तर समोरच्याला ढकलून पुढे जाता यायचं, पण दम खर्च व्हायचा. 'टीम फोर्ट्रेस २'मध्ये आपल्या माणसाच्या आरपार जाता येतं, शत्रूच्या नाही. त्यामुळे आपल्या वेशात आलेला शत्रूचा हेर ओळखायला लोक मुद्दाम अंगावर जातात. अडकलात, तर हेर!

आणि 'ईव्ह ऑनलाइन'. तिथे अंतराळयानं एकमेकांना धक्का देतात, मोठ्या मालवाहू यानाला धक्के देत पळूच न देणं हा तर धंदाच झाला. मोठ्या लढाईत हिशोब आवरला नाही की सर्व्हर घड्याळच हळू करतो, अगदी १० टक्के वेगापर्यंत. २७-२८ जानेवारी २०१४ ची लढाई अशी २१ तास चालली आणि ७५ टायटन, म्हणजे सगळ्यात मोठी यानं, नष्ट झाली. हळू का होईना, हिशोब सगळ्यांचा सारखा झाला. पण बंदुकीच्या गेममध्ये असं केलं तर लोक फोन फेकून देतील.

मला विचाराल तर मी मऊ धडक ठेवीन. शत्रूच्या अंगात शिरलात तर एकदम अडवायचं नाही, वेग कमी करायचा आणि हळूहळू बाजूला सरकवायचं. मग एक-सव्वा मीटरची चूक झटक्याने नाही, अर्ध्या सेकंदात पसरून दुरुस्त होते. खिंड शंभर टक्के बंद होत नाही, पण तीन-चार जण खांद्याला खांदा लावून उभे राहिले तर पलीकडे जाणाऱ्याला इतका वेळ लागतो की तो मार खातोच. आणि जागेवर आधीच उभा असलेल्याला हक्क द्यायचा, ज्याचा निरोप आधी पोचला त्याला नाही. उभ्या माणसाची बातमी शिळी झाली तरी खोटी होत नाही, तो हललेलाच नसतो. त्यामुळे २०० पिंगवालीसुद्धा दार धरू शकते.

तुमच्या गेममध्ये यातलं काय आहे ते बघायचं असेल तर मित्राला दारात उभं करा आणि दोघांचा पिंग लिहून घेऊन पळत जा. मग जागा बदला. रेकॉर्डिंग पाठवलंत तर पुढच्या भागात घेऊ.