फाशांवरची धांव

अमेरिकेंत असलेल्या माझ्या नातवानें गेल्या नाताळच्या सुटींत एक खोका घरीं आणला. आंत पत्ते, तक्ते व फासे. सारीपाटाचा हा एखादा विलायती अवतार असावा, असें मला प्रथम वाटलें. परंतु तो बेसबॉलचा बैठा खेळ निघाला. त्याचें नांव 'स्ट्रॅट-ओ-मॅटिक'. हॅल रिचमन या गृहस्थांनीं तो १९६१ सालीं विक्रीस काढला. प्रत्येक पत्ता एका खऱ्या खेळाडूचा. त्याच्या वर्षभराच्या कामगिरीवरून पत्त्यावरचे निकाल बसविलेले. तीन फासे टाकावयाचे. फटका मारणाराचा पत्ता पाहावयाचा कीं चेंडू टाकणाराचा, तें एकावरून ठरतें. उरलेल्या दोहोंच्या बेरजेवरून निकाल.

ज्या वाचकांना मूळ खेळ अपरिचित असेल त्यांच्यासाठीं इतकेंच सांगतों कीं, चेंडूफळीप्रमाणें येथेंही चेंडू व फळी आहे. पण धांव पुरी होण्यास तीन ठाणीं क्रमानें गांठून घरीं परतावें लागतें, आणि तीन गडी बाद झाले कीं पाळी बदलते.

फटका हा दोघांमधला मामला, म्हणून तो आंकड्यांत बसविणें सोपें. कठीण प्रश्न त्यानंतरचा. दुसऱ्या ठाण्यावरील गड्यानें घराकडे धांवावें, कीं तिसऱ्यावर थांबावें? माझ्या मतें या जातीच्या खेळांचा खरेपणा येथेंच पारखावा. या खेळाच्या विस्तृत नियमांत धांवणाराला एक अंक आहे व दूरच्या क्षेत्ररक्षकाच्या फेकीला दुसरा. धांवणाराचे १४, त्यांतून जोरदार फेकीचे ३ वजा, उरले ११. वीस बाजूंच्या फाशावर ११ पर्यंत दान पडलें तर गडी सुखरूप, अधिक पडलें तर बाद. म्हणजे शंभरांत पंचावन्न. आतां, एकही गडी बाद नसतां एवढ्या आशेवर त्याला दामटणें शुद्ध मूर्खपणा. तिसऱ्यावरून तो पुढच्या एखाद्या साध्या उंच फटक्यावरही घरीं येईल. पण दोन बाद असतील, तर पुढच्याचा फटका साधण्याची आशा चारांत एकाच्या आसपास. मग तेच ११ सोन्यासारखे. हा विवेक नातवाला ठाऊक होता. मला तो तीन गडी गमावल्यावर आला!

क्षेत्ररक्षणाची गोष्ट अधिक सूक्ष्म. चुका मोजतां येतात. पण जो चेंडूपर्यंत पोंचतच नाहीं, त्याच्या नांवावर चूक कशी पडणार? अवघड प्रश्न सोडून देणाऱ्या विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेवर तांबड्या खुणा थोड्याच असतात. हें ओळखून येथें पोंच व चूक यांचे अंक निरनिराळे ठेवले आहेत. तिसऱ्या ठाण्यावर प्रतिपक्षाचा गडी असतां जवळचे रक्षक आणखी पुढें ओढावे, तर त्याची घरची वाट अडते; पण एरव्हीं बाद ठरणारे कांहीं फटके त्यांच्यामधून निसटतात. तशी खूण पत्त्यांवर केलेलीच असते.

तरीही एक शंका राहते. १५ ऑक्टोबर १९४६ रोजीं सेंट लुईस येथें जागतिक मालिकेचा सातवा, निर्णायक सामना चालला होता. आठवा डाव, ३-३ अशी बरोबरी, दोन बाद, पहिल्या ठाण्यावर ईनॉस स्लॉटर. बॉस्टनचा डॉम डिमॅजिओ बरोबरी साधणारा फटका मारून धांवतांना पाय दुखावून बाहेर गेलेला. मधल्या मैदानांत त्याच्या जागीं लिऑन कल्बरसन. हॅरी वॉकरचा फटका बसला तेव्हां स्लॉटर आधींच पळत सुटला होता. तो तिसऱ्यावर थांबलाच नाहीं; मधल्या जॉनी पेस्कीकडून चेंडू घरीं येईपर्यंत तो पोंचला. सेंट लुईसनें सामना ४-३ असा जिंकला.

पटावर यांतलें पुष्कळ उतरतें. बदली गड्याच्या फेकीचा अंक निराळा, म्हणून कोण बाहेर गेला याची किंमत लगेच मोजावी लागते. पण तेथें स्लॉटरला धाडणारा मी. आणि तेंही बेरीज करून, चहाचा घोट घेऊन. मैदानावर त्यानें धांवतां धांवतां स्वतःच ठरविलें. पेस्की क्षणभर घुटमळला कीं नाहीं, हा वाद पुढें कित्येक वर्षें चालला. फाशाच्या लेखीं तो केवळ एक अंक.

हें मीं बोलून दाखवितांच नातवानें घरगुती नियम काढला: तीन मोजण्याच्या आंत 'जा' म्हटलें नाहीं, तर गडी थांबला असें धरावें. त्या नियमानें, तो परत जाण्यापूर्वींचे शेवटचे दोन्ही सामने मी हरलों.