डब्लिनला मर्यादा घातली, मग प्रवासी शॅननला जातील?

आता आपण आयर्लंडकडे येऊ. डब्लिन विमानतळाला वर्षाला ३ कोटी २० लाख प्रवाशांची मर्यादा घातली गेली, ती २००७ साली, दुसऱ्या टर्मिनलला परवानगी देताना. कशासाठी? तर विमानतळाकडे येणाऱ्या रस्त्यांवर वाहनांची कोंडी होऊ नये म्हणून.

पुढे काहींनी म्हटलं, राजधानी भरली की प्रवासी आपोआप शॅनन, कॉर्ककडे वळतील. पण विमान कंपनी आपलं विमान दुसऱ्या देशातही नेऊ शकते ना! शिवाय शॅनन आणि कॉर्क, दोन्ही विमानतळांपर्यंत रेल्वे नाही. तेव्हा समतोल हवा असेल, तर नुसत्या मर्यादेवर आपल्याला थांबता येणार नाही. तिथवर पोचायची सोय आणि तिथून थेट उड्डाणं, ही दोन्ही कामं सोबतच करावी लागतील.