सहा नळ्या आणि एक दिवाणजी

बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्री आणि मशीनशॉप एकमेकांना खेटून उभी आहेत. १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी याच गावात सायकलचं दुकान काढलं आणि पुढे नांगर घडवले. यंत्र उघडून बघण्याची इथली सवय तेव्हापासूनची. जुन्या सीएनसी मशीनला प्रोग्रॅम द्यायचा तर आजही आरएस-२३२ हा नऊ पिनांचा सिरियल पोर्ट लागतो, आणि नव्या लॅपटॉपला तो नसतो. यूएसबीचा कन्व्हर्टर मिळतो, पण तो प्रत्येक मशीनशी जमवून घेईलच असं नाही. म्हणून वीस-बावीस वर्षांचा जाडजूड लॅपटॉप अशा ठिकाणी जपून ठेवलेला असतो. तिकडे निपाणीकडे लग्नपत्रिका नि हँडबिलं जुळवणाऱ्याकडेही तसाच एखादा सापडतो, कारण जुन्या मराठी-कन्नड फॉन्टच्या सॉफ्टवेअरला प्रिंटर पोर्टात खोचायचं लॉक लागे.

सगळ्यांची तक्रार एकच: "नुसतं वायरवरच चालतंय बघा." म्हणजे बॅटरी बसली.

चालतंय ना वायरवर, मग बॅटरी हवीच कशाला? मशीनशॉपमध्ये तरी हवी. चार्जरचं अर्थिंग आणि मशीनचं अर्थिंग सारखं नसेल, तर केबल जोडताना तो फरक सिरियल पोर्टातून वाहतो आणि पोर्ट जळू शकतो. जाणता माणूस चार्जर काढून, बॅटरीवरच प्रोग्रॅम पाठवतो. तिथे बॅटरी हा पोर्टाचा विमा आहे. बाजारातला 'कंपॅटिबल' पॅक हा उपाय नेहमी चालत नाही. इतक्या जुन्या मॉडेलचा पॅक मिळाला तरी तो वर्षानुवर्षं कपाटात पडलेला असतो, आणि लिथियमचे सेल न वापरताही म्हातारे होतात.

माझ्याही जुन्या लॅपटॉपची हीच गत होती. पडद्यावर चाळीस टक्के दिसायचे आणि पुढच्या क्षणी काळोख. प्लॅस्टिकच्या पट्टीने पॅकची शिवण हळूहळू उकलली. स्क्रूड्रायव्हर कधी वापरू नये, सेलला टोक लागलं की आग. आत सहा नळ्या होत्या, १८६५० जातीच्या: १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब, शेवटचं शून्य गोल आकाराचं. दोन-दोनची जोडी, अशा तीन जोड्या एकापुढे एक. एका सेलचे ३.६ व्होल्ट धरले तर तिघींचे मिळून १०.८, म्हणजे पॅकवर छापलेला आकडा.

मीटर लावला. पहिली जोडी ४.०८, दुसरी ४.०६, तिसरी ३.३१. दुखणं तिथेच होतं. जोड्या साखळीत असल्याने प्रत्येकीतून करंट सारखाच वाहतो. चार्ज होताना धडधाकट जोड्या ४.२ ला पोचतात आणि पॅकमधला सर्किट बोर्ड चार्जिंग थांबवतो, तेव्हा तिसरी अर्धपोटीच राहते. वापरताना तीच आधी तळाला जाते आणि बोर्ड सगळा पॅक तोडतो. चार सेलमध्ये जीव शिल्लक असूनही उपयोग शून्य. माझ्या मते लोक ज्याला 'बॅटरी मेली' म्हणतात, त्यातल्या कितीतरी ठिकाणी खरं तर एकच जोडी आजारी असते.

म्हणून दोनच सेल बदलावेत असा मोह होतो. तो टाळावा. नवे आणि जुने एकत्र बांधले की काही महिन्यांत पुन्हा तीच असमानता. सहाही नवे, एकाच लॉटचे घ्यावेत. दोन व्होल्टच्या खाली बरेच दिवस पडून राहिलेला सेल चार्ज घेऊ लागला तरी वापरू नये. आतलं तांबं विरघळतं, चार्ज करताना भलत्या जागी जमतं आणि आतल्या आत शॉर्ट होतो. नवे सेल घेतानाही डोळे उघडे हवेत. वेष्टनावर ९९०० एमएएच लिहिलेला १८६५० हा उघड खोटा, चांगल्यात चांगला सेल साडेतीन हजारांच्या आसपास थांबतो. काट्यावर ठेवला तर अस्सल सेल पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास भरतो, पोकळ माल लगेच कळतो.

सोल्डरिंग गन इथे बाजूला ठेवायची. तिच्या उष्णतेने सेलच्या आतला नाजूक पडदा खराब होतो. निकेलची पातळ पट्टी स्पॉट वेल्डिंगने, काही मिलिसेकंदांच्या झटक्यात जोडतात. बोट लावलं तर सेल गारच लागायला हवा.

पण खरी परीक्षा बोर्डावरच्या चिपची. मी तिला दिवाणजी म्हणतो, निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत बसत असे तसा. एका बारीक रेझिस्टरवरून येणारा-जाणारा प्रत्येक करंट ती मोजते, किती वेळा चार्ज झालं ते मांडते आणि लॅपटॉपला तेच सांगते. सेल बदलले हे दिवाणजीला ठाऊक नसतं, त्याच्या वहीत पॅक जुनाच. आणि सेल काढताना बोर्डाचा पुरवठा क्षणभर तुटला, तर काही चिपा कायमची खूण करून कुलूप लावतात. मग सहा नवे सेल असूनही पॅक मुका. म्हणून जाणकार जुने सेल काढण्याआधी प्रत्येक जोडीच्या जागी बाहेरचा पुरवठा देतात, आणि नवे जोडताना ऋण टोकापासून क्रमाने वर चढतात.

कुणाला ही कुलपं जुलूम वाटतील. मला तसं वाटत नाही. २००६ साली सोनीच्या सेलमधल्या दोषामुळे एकट्या डेलला ४१ लाख पॅक परत मागवावे लागले होते. कंपन्यांची भीती पोकळ नाही. पण दुरुस्त करणाऱ्याला वही नव्याने मांडायची सोय द्यायला हवी होती, ती बहुतेकांनी दिली नाही, याचा मात्र राग येतो. काढलेले सेल भंगाराच्या पोत्यात टाकू नयेत. टोकांवर चिकटपट्टी लावून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावेत. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती जबाबदारी उत्पादकांवरही आहे.

माझा पॅक बांधून झाल्यावर दिवाणजीला नवा हिशोब शिकवायचा होता. त्यासाठी एकदा पूर्ण चार्ज, मग थेट तळापर्यंत उतरवणं, पुन्हा पूर्ण चार्ज. रात्री चार्जर काढून लॅपटॉप टेबलावर चालू ठेवला. पडद्यावर सात टक्के उरले, मग तीन, मग शून्य. शून्यावर तो आणखी पन्नास मिनिटं चालला.